‘वॉशिंग्टन’ : एका आडनावाचे वारसदार

आडनावांची मुळे शोधणे हा इंग्रज पंडितांचा फार जुना व्यासंग आहे. विल्यम कॅम्डेनने १६०५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या संकीर्ण ग्रंथात आडनावांसाठी एक स्वतंत्र प्रकरण राखून ठेवले होते. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स वेअरिंग बार्ड्स्ली या अँग्लिकन धर्मोपदेशकाने या विषयाचा ध्यास घेतला. इंग्रजी व वेल्श आडनावांचा त्याचा कोश त्याच्या मृत्यूनंतर १९०१ साली बाहेर आला. योगायोग असा की त्याच १९०१ साली अमेरिकेत एक आत्मचरित्र ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. ‘अप फ्रॉम स्लेव्हरी’ हे त्याचे नाव आणि बुकर टी. वॉशिंग्टन हा त्याचा लेखक. आडनाव कोठून आले, हे कोशकार सांगतो. ते कोणी आणि कसे धारण केले, हे सांगण्यास आत्मचरित्रकाराची गरज लागते. या दोन प्रकारच्या साक्षी शेजारी ठेवून या आत्मचरित्रातील नामधारणाचा प्रसंग वाचावा, असे आम्ही योजले आहे. या ग्रंथाची सर्वांत उजळ बाजू आणि त्याचे सर्वांत मोठे उणेपण ही दोन्ही, आमच्या मते, त्याच दोन-चार पानांत सापडतात.

प्रथम नावाचे मूळ पाहू. वॉशिंग्टन हे स्थानवाचक आडनाव होय. इंग्लंडच्या ईशान्येस, पूर्वीच्या डरहॅम परगण्यात, या नावाचे गाव आहे. प्राचीन इंग्रजी भाषेत ‘टून’ म्हणजे वाडी किंवा वसती. ह्वासा नामक कोण्या सॅक्सन पुरुषाची वाडी, असा या नावाचा उलगडा केला जातो. ११८३ साली डरहॅमच्या बिशपांनी आपल्या जमिनींची जी नोंदवही करविली, तिच्यात विल्यम ऑफ हर्टबर्न याने हर्टबर्नच्या बदल्यात हे गाव घेतल्याची नोंद आहे. मात्र गावातील चर्च आणि चर्चची जमीन त्या व्यवहारातून वगळलेली आहे. पुढे या घराण्याने हर्टबर्न हे नाव टाकून नव्या गावाचे नाव लावले. म्हणजे इतिहासप्रसिद्ध वॉशिंग्टन घराण्याचे नाव हेच मुळी एका अदलाबदलीतून आलेले, जुने टाकून स्वीकारलेले नाव आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

चर्चच्या इतिहासाशी या नावाची गाठ पुढेही पडत राहिली. १४१६ ते १४४६ या काळात डरहॅमच्या बेनेडिक्टाइन मठाचा प्रमुख जॉन वेसिंग्टन होता. वेसिंग्टन हे याच नावाचे त्या काळचे रूप. पुढच्या शतकात आठव्या हेन्रीने मठ मोडले, त्यांच्या जमिनी विकल्या. १५३९ साली नॉर्दॅम्प्टनशायरमधील सलग्रेव्ह येथील मालमत्ता लॉरेन्स वॉशिंग्टन या लोकरीच्या व्यापाऱ्याने राजाकडून विकत घेतली. ती पूर्वी सेंट अँड्र्यूच्या मठाची होती. याच वंशातील दुसरा एक लॉरेन्स एसेक्समधील पर्ली येथे अँग्लिकन धर्मोपदेशक होता. प्युरिटनांचा अंमल आल्यावर १६४३ साली त्याला पदावरून काढून टाकण्यात आले. कुटुंबाची दैना झाली आणि त्याचा मुलगा जॉन १६५७ च्या सुमारास अटलांटिक ओलांडून व्हर्जिनियात जाऊन राहिला. या जॉनचा पणतू म्हणजे अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन.

येथवरचा प्रवास कोशकारास परिचित आहे. पण जॉर्ज वॉशिंग्टनला अपत्य नव्हते. त्याच्या वंशाने हे नाव पुढे नेले नाही. १७९९ साली त्याच्या माऊंट व्हर्ननच्या मळ्यांवर ३१७ गुलाम होते. त्यांपैकी १२३ त्याच्या स्वतःच्या मालकीचे होते आणि आपल्या पत्नीच्या पश्चात त्यांना मुक्त करावे, असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले. पत्नीने ते आपल्या हयातीतच, १८०१ च्या आरंभी, अमलात आणले.

आता आजच्या काळाकडे वळू. अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाची सुमारे १ लाख ६३ हजार माणसे आढळली. त्यांपैकी दर दहांतील नऊ कृष्णवर्णीय होती. २०१० साली ही संख्या सुमारे १ लाख ७७ हजार झाली आणि कृष्णवर्णीयांचे प्रमाण ८७ टक्क्यांच्या वर राहिले. गोऱ्यांचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास. तुलनेसाठी स्मिथ हे आडनाव घ्यावे. २००० साली अमेरिकेत जवळजवळ २३ लाख ७६ हजार स्मिथ होते आणि त्यांतील सुमारे २२ टक्के कृष्णवर्णीय होते. तिसरा राष्ट्राध्यक्ष जेफर्सन याच्या आडनावाचे धारक तीनचतुर्थांश कृष्णवर्णीय आहेत. पण बहुसंख्य आढळणाऱ्या आडनावांत वॉशिंग्टनइतके कृष्णवर्णीय झालेले दुसरे इंग्रजी आडनाव त्या गणनेत नाही. सॅक्सन पुरुषाची वाडी, सरदाराची जहागीर, मठाची जप्त जमीन, राष्ट्रपित्याची कीर्ती अशी वाटचाल करून हे नाव अखेर गुलामांच्या वंशजांच्या घरी स्थिरावले आहे.

हे कसे घडले, याचे एक उत्तर ‘अप फ्रॉम स्लेव्हरी’ देते. मराठी वाचकास हा विषय परका नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केली होती. त्यावेळी बुकर सतरा वर्षांचा होता आणि हॅम्प्टनच्या शाळेत शिकत होता. तो जन्मला १८५६ साली, व्हर्जिनियातील फ्रँक्लिन परगण्यात, जेम्स बरोज याच्या मळ्यावर. १८६१ मध्ये बरोज वारला, तेव्हा त्याच्या मालमत्तेची यादी करण्यात आली. तिच्यात बुकर या मुलाच्या नावापुढे ४०० डॉलर ही किंमत लिहिली आहे. बुकरच्या नावाची आपल्याला ठाऊक असलेली आरंभीची नोंद ही अशी आहे. स्नानसंस्काराच्या नोंदवहीत नव्हे, गुरेढोरे आणि अवजारे यांच्या सोबत. पिता कोण, याविषयी बुकर एवढेच लिहितो की तो शेजारच्या एका मळ्यावरचा गोरा होता, असे ऐकिवात आहे. त्याचे नावही मुलाला ठाऊक नाही, आणि लेखक त्याला दोषही देत नाही.

नावासंबंधीचा मजकूर दुसऱ्या प्रकरणात येतो, आणि तो दोन ठिकाणी येतो. प्रकरणाच्या आरंभी लेखक सांगतो की स्वातंत्र्य मिळताच मळ्यावरील लोकांचे दोन गोष्टींवर एकमत झाले. एक, नाव बदलायचे. दोन, निदान काही दिवस तरी मळा सोडून जायचे. जुन्या मालकाचे आडनाव लावणे त्यांना योग्य वाटेना. मग जो केवळ ‘हॅचरचा जॉन’ होता, तो मधल्या एका अक्षरासह लिंकन किंवा शर्मन झाला. त्या मधल्या अक्षराला काही अर्थ नसे. ती केवळ एक उपाधी होती आणि त्या उपाधीला लोकांनी स्वतःचा असा खास शब्दही ठरविला होता. हा सगळा भाग लेखकाने मिस्कीलपणे लिहिला आहे. वाचक हसतो. त्याने हसावे, अशीच योजना आहे.

काही पाने उलटली की आपण वेस्ट व्हर्जिनियातील मॉल्डनच्या शाळेत येतो. मिठाच्या भट्टीवर पहाटेपासून राबून बुकर शाळेत पोहोचतो. हजेरी चालू आहे. प्रत्येक मुलाला दोन नावे आहेत, काहींना तर तीनही. याला एकच. आपली पाळी येईपर्यंत त्याला एक कल्पना सुचते, आणि गुरुजींनी विचारताच तो जणू जन्मापासून हेच नाव लावीत आल्याप्रमाणे शांतपणे ‘बुकर वॉशिंग्टन’ असे सांगतो. पुढे कळते की आईने त्याचे नाव जन्मानंतर लगेच ‘बुकर टालियाफेरो’ असे ठेवले होते. ते विस्मृतीत गेले होते. त्याने ते मधोमध पुन्हा बसविले. स्वतःचे नाव स्वतः ठेवण्याचा असा मान आपल्या देशात फार थोड्यांना लाभला असेल, अशा अभिमानाच्या सुरात तो हा प्रसंग संपवितो.

हा प्रसंग लेखकाच्या निवेदनशैलीचा उत्कृष्ट नमुना आहे. भावनेचा उमाळा नाही, तक्रार नाही, एका शब्दाचाही अपव्यय नाही. त्याच्या शेजारीच टोपीची हकिगत आहे. इतर मुलांना टोप्या आहेत, याला नाही. दुकानातली टोपी घेण्यास आईपाशी पैसे नाहीत आणि कर्ज काढण्याची तिची तयारी नाही. ती घरी विणलेल्या जाड्याभरड्या कापडाचे दोन तुकडे जोडून टोपी शिवते, आणि पुढील आयुष्यात कोणत्याही टोपीचा त्याला एवढा अभिमान वाटला नाही. आणखी एक तपशील याच प्रकरणात आहे. मीठ भरलेल्या पिंपांवर प्रत्येक कामगाराचा आकडा घातला जाई. सावत्र वडिलांचा आकडा होता १८. बुकर पहिले काही वाचायला शिकला ते हा आकडा. आकडा, टोपी, आडनाव : तीन वस्तू एका ओळीत ठेवल्या की लेखकाने न बोलता काय साधले आहे ते दिसते. माणूस आकड्यापासून नावापर्यंत येतो, आणि ते नावही आईच्या टोपीप्रमाणे दोन तुकडे जोडून शिवलेले असते.

परंतु समीक्षकाचे काम येथे संपत नाही. या दोन मजकुरांत जी विसंगती आहे, ती लेखकाच्या ध्यानी आलेली दिसत नाही. जॉनने लिंकनचे नाव घेतले की ते विनोदाचे. बुकरने वॉशिंग्टनचे घेतले की ते मानाचे. कृती एकच आहे. दोघांनीही आपल्या गरजेच्या क्षणी देशातील एका थोर पुरुषाचे नाव उचलले. एकाला हसायचे आणि दुसऱ्याची पाठ थोपटायची, हे न्यायाचे नाही. याचे कारण ग्रंथाच्या वाचकवर्गात आहे. हे आत्मचरित्र प्रथम ‘आउटलुक’ या साप्ताहिकात क्रमशः आले. त्याचे वाचक प्रामुख्याने उत्तरेकडील गोरे, सुस्थित, दानशूर लोक होते. त्यांच्याच देणग्यांवर १८८१ साली अलाबामात सुरू झालेली टस्कीगीची संस्था चालत होती. अशा वाचकाला हसवीत हसवीत आपलेसे करणे लेखकाला भाग होते. आम्ही त्याचे हे धोरण समजू शकतो. संस्थेसाठी झोळी घेऊन हिंडणे काय असते, हे धर्मगुरूंना कोणी सांगावयास नको. परंतु हसण्याची किंमत त्याने स्वतः मोजली नाही, आपल्या भाईबंदांना मोजायला लावली, हे सांगितलेच पाहिजे.

दुसरे उणेपण मौनाचे आहे. बुकरच्या सावत्र वडिलांचे नाव होते वॉशिंग्टन फर्ग्युसन. नाव घेण्याच्या प्रसंगात या गोष्टीचा उल्लेख नाही. वाचकाने सरळ राष्ट्रपित्याकडे पाहावे, अशीच मांडणी आहे. मुलाच्या हजेरीच्या क्षणी जे नाव ओठांवर आले ते घरात रोज कानी पडणारे होते, ही साधी गोष्ट झाकली गेली. सावत्र वडिलांविषयी लेखकाच्या मनात गोडवा नव्हता. त्यांनी त्याला शाळेऐवजी भट्टीवर पाठविले होते. तरीही तोच आकडा १८, तोच घरधनी आणि तेच नाव. एका गरीब, निरक्षर मिठागरमजुराच्या पाळण्यातील नावाने इतिहासात प्रवेश केला, असे लिहिले असते तर हा प्रसंग कितीतरी खोल झाला असता. आईने दिलेल्या टालियाफेरो या नावाचीही तीच कथा. मुळात ते इटालियन आडनाव. व्हर्जिनियातील एका मातबर घराण्याचे. त्याचा तेथील उच्चार ‘टॉलिव्हर’ असा होतो. आईने ते का निवडले असेल, हा प्रश्न लेखक विचारीत नाही. अखेर ते त्याच्या सहीत ‘टी.’ एवढे एक अक्षर होऊन राहिले.

आता त्या अभिमानाच्या वाक्याकडे येऊ. स्वतःचे नाव ठेवण्याचा मान खरोखरच फार थोड्यांना लाभला होता काय? १८५० आणि १८६० च्या जनगणनांत गुलामांच्या याद्या मालकाच्या नावाखाली केल्या जात. वय, लिंग, वर्ण एवढेच लिहीत. नाव लिहीत नसत. १८७० च्या जनगणनेत प्रथमच मुक्त झालेली लक्षावधी माणसे नाव-आडनावासह नोंदली गेली. त्या लक्षावधींपुढे बुकरसमोर होता तोच प्रश्न उभा होता. हर्बर्ट गटमन या इतिहासकाराने १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले की अनेक गुलाम कुटुंबे मालकाच्या नकळत आपापली आडनावे जपून होती आणि ती मालकाच्या आडनावाहून वेगळी असत. म्हणजे कोणी जुने गुप्त नाव उघड केले, कोणी मालकाचे ठेवले, कोणी नवे निवडले. वॉशिंग्टन नावाच्या दर दहांतील नऊ माणसे ही त्या सामुदायिक कृतीची साक्ष आहे. बुकरने जे आपले एकट्याचे भाग्य मानले, ते एका संपूर्ण समाजाचे कर्तृत्व होते. आत्मचरित्राने बहुवचनाचे एकवचन केले. जनगणनेने ते पुन्हा बहुवचन करून दिले, असे आम्हांस वाटते.

त्याच्या घरातच याचा पुरावा आहे. धाकट्याने शाळेत जे नाव सांगितले, तेच पुढे थोरल्या भावाने, जॉननेही लावले आणि घरी वाढविलेल्या जेम्सनेही. नाव पित्याकडून पुत्राकडे येते, हा जगाचा शिरस्ता. येथे ते धाकट्याकडून थोरल्याकडे गेले. गुलामीने पित्याची रेषा पुसून टाकली होती. भावंडांनी ती आडवी ओढली.

या नामधारणावर पुढील पिढ्यांनी कठोर आक्षेप घेतले. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी १९०३ सालच्या आपल्या ग्रंथात बुकरच्या तडजोडीच्या राजकारणावर एक संपूर्ण प्रकरण लिहिले. १९५२ साली तुरुंगातून सुटलेल्या माल्कमने ‘लिटल’ हे आडनाव टाकून त्याजागी ‘एक्स’ हे अज्ञाताचे चिन्ह घेतले. गोऱ्याने दिलेले नाव नको, खरे नाव हिरावले गेले आहे, ती पोकळी दिसू द्या, असा त्याचा आग्रह. आणि १९७७ साली टोनी मॉरिसन यांची ‘साँग ऑफ सॉलोमन’ ही कादंबरी आली. तिच्यात एका मुक्त गुलामाची नोंद करणारा मद्यधुंद अधिकारी चुकीच्या रकान्यात चुकीचे शब्द भरतो, आणि वडील मृत असल्याची माहिती त्या माणसाचे आडनाव होऊन बसते. ‘डेड’ म्हणजे मृत हे आडनाव ते कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या वागविते. ज्या दुःखावरून बुकर हसत पुढे गेला, तेथे मॉरिसन थांबतात. कलादृष्ट्या त्यांचे लेखन अधिक श्रेष्ठ आहे, यात शंका नाही. या लेखिकेचे स्वतःचे ‘टोनी’ हे नावही बाराव्या वर्षी कॅथॉलिक चर्चमध्ये प्रवेश करताना घेतलेल्या संत अँथनीच्या नावावरून आलेले आहे, हे आमच्या वाचकांस समाधान देईल.

पण ‘एक्स’चा मार्ग सर्वांचा होऊ शकला नाही, आणि आमच्या मते त्याचे कारण भित्रेपणा नव्हे. माणसाने एक नाव दीडशे वर्षे कष्टाने, कर्जफेडीने, लग्नांनी, दफनांनी वापरले की त्या नावाची मालकी बदलते. आपल्याकडे वसईत पोर्तुगीज अंमल बसल्यानंतर स्नानसंस्काराच्या वेळी आमच्या पूर्वजांना जी आडनावे मिळाली, ती लिस्बनच्या मोजणीत परकीयच होती. आज ती आमच्या शेतांच्या सातबाऱ्यावर, आमच्या विहिरींच्या कठड्यांवर आणि दफनभूमीतील क्रुसांवर आहेत. ती घेताना काय गमावले, हेही विसरता कामा नये. इंग्लंडातून १५७९ साली गोव्यास आलेले फादर थॉमस स्टीफन्स पोर्तुगीजांच्या तोंडी ‘एस्तेव्हाँव’ झाले. पण १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’मुळे ते नाव मराठीचे झाले. नावाचा हक्क जन्माने मिळत असेल. तो टिकतो मात्र कार्याने.

पवित्र शास्त्रात देव ज्याला हाक मारतो, त्याचे नाव अनेकदा बदलतो. अब्रामाचा आब्राहाम होतो, शिमोनाचा पेत्र. त्या बदलात मागील आयुष्य लपविलेले नसते. आब्राहामाचा प्रवास, पेत्राचा नकार सर्व काही लिहून ठेवलेले असते. याच कसोटीवर ‘अप फ्रॉम स्लेव्हरी’ थोडी उणी पडते. तिच्यात नव्या नावाचा आनंद आहे, जुन्या नावाचा हिशेब नाही. तरीही हे पुस्तक प्रत्येक तरुण वाचकाच्या हाती पडावे, असे आम्ही निःसंकोचपणे म्हणतो. मात्र ते वाचताना ‘हॅचरच्या जॉन’ला हसू नये. त्याने मधोमध ठेवलेले ते निरर्थक अक्षर म्हणजे ज्याला कोणतीच उपाधी कधी मिळाली नव्हती, अशा माणसाने स्वतःला दिलेली पहिली उपाधी होती. कोशकाराला डरहॅमच्या गावापाशी या आडनावाचा आरंभ सापडला. त्याचे वारसदार शोधायचे असतील तर मॉल्डनच्या शाळेची हजेरी वाचावी लागेल, आणि ती एकट्या बुकरपाशी थांबू देता कामा नये.